विश्लेषण : अडगळीतला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर पुन्हा वाजू शकतो, पण पिन बोर्डात खोचण्याआधी काय करावे?

किल्लारी : जुन्या घराच्या अडगळीतून, देवळाच्या खोलीतून किंवा बंद पडलेल्या साउंड सर्व्हिसच्या गोदामातून कधीतरी काचेच्या नळ्यांचा ॲम्प्लिफायर बाहेर निघतो. धूळ झटकली जाते आणि ‘चालतो का बघू’ म्हणत लगेच त्याची पिन बोर्डात खोचली जाते. तीस-चाळीस वर्षे शाबूत राहिलेले यंत्र अनेकदा त्या एका मिनिटातच कायमचे जळते. बिघडलेला असतो एक स्वस्त कंडेन्सर. जळतो तो पुन्हा सहजी न मिळणारा ट्रान्सफॉर्मर. मग तांब्याच्या भावाने यंत्र भंगारात जाते. हे टाळता येते. त्यासाठी यंत्रात काय जुने होते, काय टिकते आणि जीवाला धोका कुठे आहे, हे आधी समजून घ्यावे लागते.

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर म्हणजे काय?

हवा काढून बंद केलेल्या काचेच्या नळीला व्हॉल्व्ह म्हणतात. नळीच्या मधोमध एक तार तापते. ही तार म्हणजे हीटर. त्याच्या भोवतीच्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि बाहेरच्या ॲनोड या पत्र्याकडे धाव घेतात. दोहोंच्या मध्ये बारीक तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिडवरचा दाब थोडासा बदलला, की ॲनोडकडे जाणारा प्रवाह मोठ्या प्रमाणात बदलतो. पाटाचे दार बोटभर सरकवले तरी शेतात जाणारे पाणी किती कमी-जास्त होते, तसेच हे आहे. रेकॉर्डच्या सुईतून आलेला अगदी क्षीण विद्युत संकेत ग्रिडवर येतो आणि ॲनोडच्या बाजूला मोठा होऊन निघतो.

जॉन फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन टोकांचा व्हॉल्व्ह बनवला. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्यात तिसरे टोक, म्हणजे ग्रिड, घातले. पुढची जवळपास अर्धशतकभर रेडिओ, सिनेमागृह, टेलिफोन आणि सभेचा भोंगा याच नळीवर चालले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला आणि व्हॉल्व्हची सद्दी संपायला सुरुवात झाली.

घरगुती ॲम्प्लिफायरमध्ये साधारण तीन प्रकारचे व्हॉल्व्ह दिसतात. ईसीसी८३ सारखा छोटा व्हॉल्व्ह आवाजाचा संकेत वाढवतो. ईएल८४, ६व्ही६, ६एल६ किंवा ईएल३४ हे स्पीकर हलवण्याची ताकद देतात. ईझेड८१ किंवा जीझेड३४ सारखा रेक्टिफायर एसी विजेचे डीसी करतो. अनेक यंत्रांत ही नावे व्हॉल्व्हच्या काचेवर किंवा सॉकेटशेजारी छापलेली सापडतात. दुरुस्तीची सुरुवात ती वाचून कागदावर लिहिण्यापासून होते.

अशी यंत्रे घरात आली कुठून?

रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ १९५२ मध्ये सुरू झाली आणि विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. तो काळ व्हॉल्व्हच्या रेडिओचा होता. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको ही नावे घराघरांत पोहोचली. ऐपत असलेल्या घरात रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच लाकडी पेटीत असलेला रेडिओग्राम येई. सभा, कीर्तन, लग्न, तमाशा यांसाठी आहुजासारख्या कंपन्यांचे लोखंडी पेटीतले ॲम्प्लिफायर असत. सरकारी क्षेत्रातील भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी बेंगळुरूमध्ये १९५४ साली स्थापन झाली. तिने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवायला घेतले. त्यामुळे जुन्या भारतीय यंत्रांत ‘बीईएल’ छाप असलेले व्हॉल्व्ह सर्रास आढळतात.

वीज न पोहोचलेल्या गावांसाठी बॅटरीवरचे व्हॉल्व्ह रेडिओही होते. त्यांच्या व्हॉल्व्हची तार अवघ्या १.४ व्होल्टवर तापते आणि ॲनोडसाठी ९० व्होल्टची वेगळी बॅटरी लागते. असा संच हाती आला तर त्याला घरातली वीज कधीही जोडू नये. चुकून जोडली, तर सगळे व्हॉल्व्ह एका क्षणात जातात. मागच्या बाजूला विजेची वायर नसेल आणि बॅटरीची पिन असेल, तर आधी थांबावे.

किल्लारी परिसरात प्रश्न वेगळा का?

किल्लारी आणि आसपासच्या गावांत १९९३ पूर्वीची घरगुती वस्तू शिल्लक असणे हीच मोठी गोष्ट आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद एकदम खाली आले. हजारो माणसे गेली. तेव्हाच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. ढिगाऱ्यातून जे सामान निघाले, तेच जुन्या घराची आठवण म्हणून नव्या घरात आले. अशा घरातल्या रेडिओची किंवा ॲम्प्लिफायरची किंमत बाजारभावाने ठरत नाही.

अशा यंत्राची तपासणीही वेगळी करावी लागते. यंत्र उंचावरून पडले असेल, तर जड ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने चेसिस, म्हणजे आतला लोखंडी सांगाडा, वाकलेला असू शकतो. वाकलेल्या चेसिसमध्ये सॉकेटच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात. ओल्या मातीत पडून राहिलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या कागदी थरांत दमट राहतो. काळ्या मातीची बारीक धूळ ओल धरते आणि मग जास्त व्होल्टेजच्या दोन टोकांमधून वीज झिरपायला लागते. उंदरांनी वायरींचे रबर कुरतडलेले असणे, पाली-झुरळे आत मेलेली असणे हे तर नेहमीचेच. म्हणून पहिले काम हातात मऊ ब्रश घेऊन सफाईचे. पाण्याने धुणे किंवा ओल्या फडक्याने आतून पुसणे टाळावे. व्हॉल्व्हवरचा छापही हलक्या हाताने जपावा; जोरात पुसला की नंबर निघून जातो.

थेट वीज दिली तर काय होते?

आतल्या जाड नळकांड्यांसारख्या वस्तूंना मेकॅनिक ‘फिल्टर कंडेन्सर’ म्हणतात. रेक्टिफायरकडून आलेल्या विजेतले चढउतार ते सपाट करतात. त्यांच्या आत ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तो थर टिकून राहायला कंडेन्सरला अधूनमधून वीज मिळावी लागते. कित्येक वर्षे यंत्र बंद राहिले, की थर विरतो आणि आतला द्रवही सुकतो. मग एकदम ३०० व्होल्ट आले, की कंडेन्सर वीज अडवण्याऐवजी वाहून नेतो, तापतो आणि कधी कधी फुटतो. तो भार आधी रेक्टिफायरवर आणि नंतर मुख्य ट्रान्सफॉर्मरवर येतो.

दुसरा दोष जास्त लपून बसतो. एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे संकेत नेणारा ‘कपलिंग कंडेन्सर’ जुन्या यंत्रांत मेणकागदाचा असे. त्याने डीसी अडवून फक्त आवाजाचा संकेत पुढे जाऊ द्यायचा असतो. जुना झाला, की तो थोडा डीसी सोडतो. हे ‘थोडे’ किती महागात पडते ते पाहा. समजा त्याच्या एका बाजूला १५० व्होल्ट आहेत, गळतीचा रोध ५० मेगाओम आहे आणि पुढच्या ग्रिडला ४७० किलोओमचा रेझिस्टन्स आहे. तेवढ्याने ग्रिडवर सुमारे १.४ व्होल्ट येतात. ईएल८४ ला ग्रिड कॅथोडपेक्षा साधारण ७.३ व्होल्टने ऋण लागते. त्यातले १.४ व्होल्ट कमी झाले, की ठरल्यापेक्षा बराच जास्त प्रवाह वाहू लागतो आणि ॲनोडचा पत्रा अंधारात लाल दिसतो. ५० मेगाओमची गळती साध्या मल्टिमीटरवर दिसतही नाही. म्हणून ‘मीटरवर कंडेन्सर चांगला दाखवतो’ या भरवशावर मेणकागदाचा कंडेन्सर ठेवू नये.

थोडक्यात, दोष बहुतेकदा काचेत नसतो. व्हॉल्व्ह अनेक दशके नीट राहतात. कंडेन्सर राहत नाहीत. तरीही यंत्र वाजत नाही म्हटल्यावर पहिला खर्च नवे व्हॉल्व्ह घेण्यावर होतो. गळका कंडेन्सर तसाच असेल, तर नवे व्हॉल्व्हही तसेच लाल होतात.

जीवाला धोका कुठे आहे?

ईएल८४ च्या यंत्रात आत २५० ते ३५० व्होल्ट डीसी असतात. ईएल३४ च्या मोठ्या यंत्रात ४०० व्होल्टच्या वरही जातात. पिन काढल्यावरही कंडेन्सरमध्ये हा साठा काही मिनिटे, कधी त्याहून खूप जास्त वेळ राहतो.

अनेकांचा समज असा, की घरात आरसीसीबी बसवला आहे, म्हणजे शॉक बसला तर वीज आपोआप बंद होईल. इथे तसे होत नाही. आरसीसीबी घरात येणारी आणि परत जाणारी वीज यांतला फरक पाहतो. ॲम्प्लिफायरच्या आतले ३०० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूचे असतात. तिथला शॉक माणसाच्या शरीरातून परत चेसिसकडेच फिरतो. आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

काही स्वस्त जुन्या रेडिओंमध्ये मुख्य ट्रान्सफॉर्मरच नसतो. ‘एसी/डीसी’ असे लिहिलेल्या या संचांत घरातल्या विजेची एक वायर थेट चेसिसला जोडलेली असते. पिन उलटी बसली, की सगळा लोखंडी सांगाडा २३० व्होल्टवर येतो. नॉब निघालेला असेल, तर त्याच्या उघड्या दांड्याला हात लागणेही पुरेसे असते. अशा संचाला मोबाइल किंवा दुसरे कोणतेही उपकरण वायरने कधीही जोडू नये.

काम करणाऱ्याने पाळायचे नियम जुनेच आहेत. पिन काढून बाजूला, नजरेसमोर ठेवावी. कंडेन्सर २.२ किलोओम, १० वॅटच्या रेझिस्टन्सने काही सेकंद धरून रिकामा करावा आणि मीटरने शून्य आल्याची खात्री करावी. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढू नये. चालू यंत्रात माप घ्यायचेच असेल, तर एक हात खिशात ठेवावा, म्हणजे वीज एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जाणार नाही. एकट्याने आणि मुले जवळ असताना हे काम करू नये. कोणाला शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करावा, मग माणसाला हात लावावा आणि १०८ ला फोन करावा.

पहिल्यांदा वीज कशी द्यावी?

उत्तर जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर असे : सिरीज बोर्ड. यंत्राच्या वाटेत एक बल्ब अशा रीतीने जोडायचा, की यंत्राला जाणारी सगळी वीज बल्बमधून जाईल. आत शॉर्ट असेल, तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचते. सगळे ठीक असेल, तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. रेडिओसाठी ६० वॅटचा, ॲम्प्लिफायरसाठी १०० वॅटचा बल्ब साधारणपणे चालतो. मात्र तो जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा बल्ब असला पाहिजे. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी आहे. घरातले पिवळे बल्ब आता जवळपास गेले असल्याने मेकॅनिककडे तो आहे का, हे आधी विचारावे.

क्रम असा ठेवावा. आधी सगळे व्हॉल्व्ह काढून, त्यांच्या जागा लिहून, फक्त ट्रान्सफॉर्मरला सिरीज बोर्डवरून वीज द्यावी. बल्ब जवळपास विझलेला राहिला, ट्रान्सफॉर्मर तापला नाही, वास आला नाही, तर तो शाबूत आहे. मग रेक्टिफायर सोडून बाकीचे व्हॉल्व्ह बसवून हीटर पेटतात का, ते पाहावे. रेक्टिफायर बाहेर असेपर्यंत जास्त व्होल्टेजची डीसी तयार होत नाही. कंडेन्सर बदलल्यानंतरच रेक्टिफायर बसवावा आणि सोबत योग्य स्पीकर जोडावा. डिमरस्टॅट असेल तर व्होल्टेज हळूहळू वाढवता येते. पण शॉर्ट आहे हे बल्ब डोळ्यांना दाखवतो, डिमरस्टॅट दाखवत नाही. बल्ब जोडलेला असला, तरी आतल्या विजेचा शॉक जीवघेणा असतो, हे विसरू नये.

स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर चालवणे ही आणखी एक नेहमीची चूक. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला त्याने फारसे बिघडत नाही. व्हॉल्व्हच्या यंत्रात मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळते आणि आतले आवरण फुटते.

काय बदलायचे आणि काय ठेवायचे?

फिल्टर कंडेन्सर आणि मेणकागदाचे कंडेन्सर बदलावेत. जुन्या ५० मायक्रोफॅरडच्या जागी आजचा ४७ चालतो. व्होल्टचा आकडा मात्र जुन्याइतका किंवा त्याहून जास्त असावा. ‘मोठा बसवला तर आवाज अजून चांगला येईल’ म्हणून रेक्टिफायरच्या लगेच पुढे फार मोठा कंडेन्सर बसवला जातो. ईझेड८१ ला तिथे ५० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त चालत नाही. सुरू होताना बसणाऱ्या विजेच्या धक्क्याने तो खराब होतो. कंडेन्सरचे धन आणि ऋण टोक उलटे झाले, तर नवा कंडेन्सरही फुटतो.

मेन वायर आणि चेसिस यांच्यामध्ये एखादा कंडेन्सर असेल, तर तोही काढावा. तिथे नवा लावायचाच असेल, तर विजेच्या सुरक्षेसाठी खास बनवलेला ‘वाय’ दर्जाचाच लावावा. जुनी दोन तारांची कापडी वायर काढून तीन पिनची वायर बसवावी आणि हिरवी तार चेसिसला घट्ट जोडावी. हे फक्त मुख्य ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्रासाठी आहे. ‘एसी/डीसी’ संचाला नाही. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली असेल, तर ती काढून योग्य आकड्याचा फ्यूज घालावा.

जुने कार्बन रेझिस्टन्स वयाबरोबर वाढत जातात. लिहिलेल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त सरकलेले बदलावेत, बाकीचे राहू द्यावेत. व्हॉल्यूमची खरखर बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. व्हॉल्व्हच्या काचेत आतून चांदीसारखा डाग असतो. तो पांढराफटक झाला असेल, तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह संपला. डाग चकचकीत असेल, तर व्हॉल्व्ह ठेवून पाहावा.

बाकी सगळे, म्हणजे लाकूड, कापड, नॉब, डायल, मागचा कागदी नकाशा, शक्य तेवढे मूळचेच राहावे. जुन्या कंडेन्सरचे रिकामे नळकांडे जागेवर ठेवून नवा कंडेन्सर चेसिसखाली बसवता येतो. सोल्डरिंगला हात लावण्याआधी चेसिसखालच्या प्रत्येक कोपऱ्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

दुरुस्ती बरोबर झाली, हे कसे कळते?

आवाज आला म्हणजे काम संपले असे नाही. आउटपुट व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहतो, हे पाहावे लागते. ते एका सोप्या मापाने कळते. कॅथोडच्या रेझिस्टन्सवर किती व्होल्ट पडतात ते मोजायचे आणि त्याला ओमने भागायचे. उदाहरणार्थ, ॲनोडला २५० व्होल्ट असलेल्या एका ईएल८४ ला १३५ ओमचा रेझिस्टन्स लागतो आणि त्यावर ७.३ व्होल्ट पडायला हवेत. ७.३ भागिले १३५ म्हणजे सुमारे ५४ मिलिॲम्पिअर. त्यातले ४८ ॲनोडचे आणि साधारण साडेपाच दुसऱ्या जाळीचे. ४८ मिलिॲम्पिअर गुणिले २५० व्होल्ट म्हणजे १२ वॅट, आणि ईएल८४ च्या ॲनोडची मर्यादाही १२ वॅटच आहे. म्हणजे हा व्हॉल्व्ह काठावरच चालतो. त्याला जास्तीचे सोसत नाही.

खोलीतला दिवा बंद करून दहा मिनिटे नुसते पाहणेही उपयोगी असते. आतला नारिंगी उजेड हीटरचा असतो, तो हवाच. बाहेरचा पत्रा लाल दिसला, तर ताबडतोब बंद करावे. यंत्र तासभर चालल्यावर ट्रान्सफॉर्मर गरम लागणे नेहमीचे. हात ठेवता न येण्याइतका तापणे किंवा वास येणे नेहमीचे नाही.

गावातल्या विजेचे काय?

ग्रामीण भागात व्होल्टेज एकसारखे राहत नाही. शेतीपंप चालू असताना ते खाली येते आणि पंप बंद झाले, की वर चढते. जुन्या यंत्राच्या मागे अनेकदा २०० पासून २५० व्होल्टपर्यंतचे टॅप असतात. टॅप २२० वर ठेवलेला आहे आणि रात्री वीज २४५ व्होल्ट येते, असे समजा. मग ६.३ व्होल्टच्या हीटरला सुमारे ७ व्होल्ट मिळतात. सर्वसाधारण मर्यादा वरखाली १० टक्के, म्हणजे ६.९ च्या आसपास आहे. ॲनोडचे व्होल्टही त्याच प्रमाणात वाढतात आणि काठावर चालणारा ईएल८४ मर्यादेबाहेर जातो.

म्हणून घरातले व्होल्टेज सकाळी, दुपारी आणि रात्री असे दोन-तीन दिवस मोजावे आणि टॅप सर्वांत वरच्या आकड्याजवळ ठेवावा. आवाज किंचित कमी होईल, व्हॉल्व्ह जास्त टिकतील. चढउतार मोठे असतील, तर चांगला स्टॅबिलायझर लावावा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की पिन आणि एरिअल दोन्ही काढून ठेवावे.

उष्णतेचाही हिशेब आहे. दोन ईएल८४ चे नुसते हीटर साडेनऊ वॅट खातात. ॲनोडची २४ वॅटपर्यंतची उष्णता वेगळी. लातूरच्या ४० अंशांवरच्या उन्हाळ्यात यंत्र बंद कपाटात ठेवू नये, वर कापड टाकू नये. भिंतीपासून वीतभर अंतर आणि वरची बाजू मोकळी हवी. जड यंत्र उंच फळीवर न ठेवता खालच्या भक्कम टेबलावर ठेवावे.

ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर?

लातूर, औसा, उमरगा अशा गावांत विहिरीवरच्या मोटारी भरणारे रिवाइंडिंगचे कारागीर आहेत. मुख्य ट्रान्सफॉर्मर त्यांच्या आवाक्यातला असतो. जुनी गुंडाळी सोडवताना वेढे मोजले, तारेची जाडी आणि थरांमधला कागद तोच ठेवला, तर तो पुन्हा उभा राहतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र अवघड आहे. त्यातल्या दोन्ही गुंडाळ्या एकमेकींत थराथराने घातलेल्या असतात. तो क्रम चुकला, तर यंत्र वाजते, पण वरचे सूर मरतात. त्यामुळे सुरुवातीलाच मल्टिमीटरने आउटपुट ट्रान्सफॉर्मर तपासावा. तो तुटलेला असेल, तर खर्चाचा अंदाज पूर्णपणे बदलतो.

सुटे भाग मिळतात का?

कंडेन्सर आणि रेझिस्टन्स मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत आणि हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीत मिळतात. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा जगभर व्हॉल्व्हची टंचाई आणि भाववाढ झाली होती. जुन्या साठ्यातले न वापरलेले बीईएलचे व्हॉल्व्हही बाजारात फिरतात. पण ‘न वापरलेला’ हा शब्द मीटरवर तपासूनच मान्य करावा. भंगारात निघालेला सारखाच संच मिळाला, तर त्याचे ट्रान्सफॉर्मर आणि सॉकेट हीच खरी कमाई.

आजच्या घरात ते कसे जोडावे?

सभेसाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरच्या मागे ४, ८, १६ ओम आणि ‘१०० व्होल्ट लाइन’ असे वेगवेगळे स्क्रू असतात. घरातला ८ ओमचा स्पीकर ८ च्याच स्क्रूला जोडावा. १०० व्होल्ट लाइन ही लांबच्या भोंग्यांसाठी असते.

मोबाइलचा आवाज डावा-उजवा असा दोन वाटांनी येतो आणि जुने यंत्र एकाच वाटेचे असते. दोन्ही तारा सरळ एकत्र पिळू नयेत. प्रत्येकीत साधारण १ किलोओमचा रेझिस्टन्स घालून मग जोडाव्यात. जुन्या रेकॉर्ड प्लेअरचे क्रिस्टल पिकअप थेट चालते. नव्या मॅग्नेटिक पिकअपला आधी वेगळा प्रीॲम्प लागतो.

चार-पाच वॅट म्हणजे कमी वाटतात. पण १ वॅटला ८७ डेसिबल देणारा स्पीकर ५ वॅटला ९४ डेसिबल देतो. बैठकीच्या खोलीला एवढे पुरते.

आवाज खरेच गोड असतो का?

मोजमापात चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर जास्त स्वच्छ ठरतो, यात वाद नाही. एका आउटपुट व्हॉल्व्हचे यंत्र मूळ सुरात त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, थोडा मिसळते. कानाला तो बेसूर लागत नाही, भरीव लागतो. शिवाय क्षमतेबाहेर वाजवले, तर व्हॉल्व्हचा आवाज एकदम न फाटता हळूहळू दबत जातो. दोन व्हॉल्व्ह समोरासमोर जोडलेल्या पुश-पुल यंत्रात हा मिसळलेला सूर बराचसा कटतो. म्हणजे सगळी व्हॉल्व्ह यंत्रे एकसारखी वाजत नाहीत. जुन्या नाट्यपदांच्या, अभंगांच्या ७८ च्या रेकॉर्डी त्या काळच्या यंत्रावर ऐकण्यात मात्र एक वेगळा अर्थ आहे : त्या घरात त्या कशा ऐकू येत, ते पुन्हा कळते. अशा रेकॉर्डींच्या जपणुकीसाठी मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून त्यांची माहिती नोंदवून ठेवली. रेकॉर्डींची अशी नोंद झाली. त्या वाजवणारी यंत्रे मात्र बहुतांशी घरांच्या भरवशावरच राहिली आहेत.

मेकॅनिककडे देताना काय विचारावे?

पाच प्रश्न पुरेसे आहेत. सिरीज बोर्ड आणि पिवळा बल्ब आहे का? कपलिंग कंडेन्सर सगळे बदलणार का? अर्थिंगची तीन पिनची वायर लावणार का? काम झाल्यावर कॅथोडवरचे व्होल्ट मोजून लिहून देणार का? काढलेले जुने भाग परत देणार का? या प्रश्नांना ‘आधी लावून तर बघू’ असे उत्तर मिळाले, तर यंत्र तसेच घरी आणलेले बरे. अडगळीत ते आणखी एक वर्ष राहिले, तरी त्याचे फार बिघडत नाही.

काम झाल्यावर एका कागदावर तारीख, बदललेल्या भागांचे आकडे, टॅप कितीवर ठेवला आणि मोजलेले व्होल्ट लिहून तो कागद पेटीच्या आत चिकटवावा. वीस वर्षांनी ही पेटी पुन्हा उघडणाऱ्याला सगळे काम पहिल्यापासून करावे लागणार नाही.